वाढत्या अंगाची टोपी

अनसूया : माझं भाताचं पातेलं तू गच्चीवर ठेवलंस का, शीला?

शीला : कुठलं, आई?

अनसूया : तेच, जे मी सकाळपासून शोधतेय. सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं, आणि बघते तर पातेलं गच्चीवर उन्हात उपडं पडलंय, शिवराजची टोपी घालून. ओली टोपी. तीही अशी ताणून बसवलेली, की टाक्याटाक्यातून भांडं दिसतंय.

शीला : धुतली व्हती. वाळत घातली.

अनसूया : वाळत घालायला दोरी आहे, चिमटे आहेत. ओली लोकर भांड्यावर कशासाठी ताणतात ते मला कळतं गं. लग्नाआधीपासून विणतेय मी. लहान होतेय ना टोपी त्याला?

शीला : थोडी. लई नाय. कानापाशी जराशी.

अनसूया : मग मला सांगायचं. एवढी चोरी कशासाठी? मी काय खाल्लं असतं तुला?

शीला : चोरी नाय, आई. तुम्ही दुपारची झोप सोडून विणता. डोळ्यांतून पाणी येतं तुमच्या. आणि मी म्हणायचं, बसत नाय म्हणून?

अनसूया : म्हणायचं की सरळ. आई, लहान झाली, मोठी विणा. त्यात काय एवढं आहे?

शीला : तुमच्या माझ्यात तसं बोलणं नव्हतं. तुम्हाला माहितीय.

अनसूया : काय माहितीय?

शीला : आता मला बोलायला लावू नका.

अनसूया : नाही, बोल. आज बोलच. पातेलं तरी घरात येईल माझं.

शीला : लग्नाला तुम्ही आला नव्हता. मेंढरं राखणाऱ्याची पोर म्हणून. दोन दिवाळ्या गेल्या तरी तुम्ही आमचा उंबरा ओलांडला नाय. मग शिवराज झाला आन् तुम्ही दौलताबादला आमच्या घरी आलात. अंगणात बाजेवर बसलात. कोणी काय बोलंना. बाबा तर मेंढरांत जाऊन उभे राहिले. तेव्हा तुम्ही पिशवीतून पिवळी टोपी काढली. माझ्या आईनं ती आधी देवापुढं ठेवली, मग पोराला घातली. तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, शीले, ह्या बाईच्या हातच्या वस्तूला कधी नाव ठेवू नको. नाय ठेवलं.

अनसूया : सखूबाई असं म्हणाल्या?

शीला : व्हय.

अनसूया : मला वाटायचं, पाठीमागे काय काय बोलत असतील माझ्याबद्दल. बरं. म्हणजे ती पिवळीही घट्टच होती?

शीला : पिवळी नाय. ती चांगली बसायची. तिच्यानंतर निळी दिली, तीबी बरी व्हती. उन्हाळ्यात टोपी घातलीच नाय. मग गणपती झाल्यावर पावसाच्या गारठ्यासाठी तुम्ही लाल विणली. तिच्यापासून लागली घट्ट व्हायला. ती मी तांब्यावर ताणली.

अनसूया : तांब्यावर.

शीला : तेव्हा तांब्या पुरला. दिवाळीची हिरवी आली, ती साखरेच्या डब्यावर. ही आता पातेल्यावर.

अनसूया : थांब. जरा थांब, शीला.

शीला : चुकलंच माझं. पुन्हा नाय करणार.

अनसूया : तसं नाही म्हणत मी. तू ताणायचीस ती कधी? मी दिली की लगेच?

शीला : लगेच नाय. सुरुवातीला बसायची. मग काही दिवसांनी कानावर लाल वळ उठायला लागला की ताणायची.

अनसूया : तो वळ मलाही दिसायचा.

शीला : मग तुम्ही बोलला का नाय?

अनसूया : काय बोलणार? मला वाटलं, माझा हात घट्ट पडायला लागला. वय झालं की पडतो. माझ्या आईचाही पडायचा, शेवटी शेवटी तर तिच्या टाक्यात दुसरी सुई शिरायची नाही. म्हटलं, सुनेच्या लक्षात यायच्या आत दुसरी मोठी विणून टाकू. एक उतरली की दुसरी. तू सगळ्यांना सांगतेस ना, आमच्या आईंना हौस फार. हौस कसली डोंबलाची. लाज झाकत होते माझी.

शीला : म्हणजे तुम्ही दर टोपी मोठी विणत व्हता?

अनसूया : दर टोपी. आधीच्या टोपीपेक्षा बोटभर मोठी.

शीला : आणि मी तीच आणखी ताणत व्हते.

अनसूया : हो ना.

शीला : आई.

अनसूया : अगं, वाढतं अंग आहे त्याचं. चौदा महिन्यांचं पोर, वाढायचंच.

शीला : माप कशावरून घ्यायचा तुम्ही? त्याच्या डोक्यावरून?

अनसूया : छे. आमच्याकडे पोराला मोजत नाहीत. टेप लावली की वाढ खुंटते, असं सासूबाई म्हणायच्या. सुयशला मी शाळेत जाईपर्यंत टेप लावू दिली नाही शिंप्याला. जुना कपडा खाली अंथरायचा, त्यावर नवा ठेवून बघायचा, बोटभर जास्त धरायचं. झालं माप.

शीला : जुनी म्हणजे मी ताणलेली.

अनसूया : काय म्हणालीस?

शीला : जुनी टोपी म्हणून तुम्ही जी खाली अंथरली, ती मी ताणलेली व्हती, आई. तिच्याहून बोटभर मोठी तुम्ही विणली. ती त्याला घट्ट झाली. ती मी ताणली. मग तिच्यावर ठेवून तुम्ही पुन्हा बोटभर...

अनसूया : पुरे. कळलं मला.

शीला : माझ्या काय ध्यानात आलं नाय.

अनसूया : माझ्या तरी कुठे? मी आपली समजत होते, बोटभरच वाढतंय. जावळ केवढं दाट आहे बघ त्याचं. सगळा पसारा त्या केसांचाच असणार. जावळ काढलं की हीच टोपी नाकावर घसरेल त्याच्या.

शीला : असंल.

अनसूया : आणि भरलाय किती. खालच्या जोशीकाकू परवा जिन्यात म्हणाल्या, केवढा वाढला हो तुमचा नातू. एकट्या त्या नाहीत, बघेल तो म्हणतो.

शीला : मग स्वेटर?

अनसूया : स्वेटरचं काय?

शीला : दिवाळीचा. हिरव्या टोपीबरोबरचा. त्याच्या बाह्यांना मी दोन घड्या घालते. दिवाळीतबी दोन घालायचे. आज सकाळी घातला, तेव्हाबी दोनच घातल्या.

अनसूया : वाढत्या अंगाचा विणला होता तो. मुळातच ढगळ.

शीला : तेव्हा जेवढा ढगळ व्हता तेवढाच आता हाय. हातपाय हायेत तेवढेच हायेत त्याचे. मग वाढतंय काय, आई?

अनसूया : असं बोलू नकोस.

शीला : न बोलून कसं व्हायचं?

अनसूया : ती हिरवी कुठे आहे?

शीला : कपाटात. आता त्याच्या कानाखाली उतरत नाय ती. परवा घालायला गेले तर रडला.

अनसूया : आण ती. आणि टेप शोधत बसू नकोस हं, सांगून ठेवते.

शीला : मग कळणार कसं? त्याला आत्ताच झोप लागलीय.

अनसूया : त्याला नाही घालायची. तूच घाल.

शीला : मी?

अनसूया : केस मागे घे आणि घाल. अशी ओढू नकोस, सहज घाल. आता हात काढ.

शीला : काढले.

अनसूया : दोन्ही काढ.

शीला : दोन्ही काढलेत, आई. बसली का? मला दिसत नाय. सांगा ना, बसली का?

अनसूया : काढ ती. काढ आधी डोक्यातून.

शीला : बसली ना?

अनसूया : कानाखाली उतरली. तुझ्या. जी त्याला होत नाही, ती तुला होतेय.

शीला : टाळू बघितली का तुम्ही त्याची एवढ्यात? तेल तुम्हीच घालता.

अनसूया : घालते की रोज.

शीला : मग कशी लागते हाताला?

अनसूया : पूर्वी बोटाला खळगा लागायचा, तो संक्रांतीच्या सुमारास लागेनासा झाला. मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, टाळू लवकर भरून आली.

शीला : सपाट लागते का वर आलेली?

अनसूया : नको विचारूस.

शीला : आई, सांगा.

अनसूया : वर आलेली. थोडीशी. पोर रडत असलं की टाळू फुगते, तशी फुगली असेल असं म्हणून मी मनाची समजूत घातली. पण तेव्हा तो रडत नव्हता. पुढ्यात बसून चमचा वाजवत होता.

शीला : सकाळी उठला की ओकतो, तेबी आठवडा झाला.

अनसूया : दूध पचत नाहीये म्हणून मी जायफळ उगाळून देत होते. शीला, दिवाळीला तो सोफ्याला धरून उभा राहायचा ना गं? की मलाच तसं वाटतं?

शीला : राहायचा. सुयशनं फोटो काढलाय. आता बसवलं तिथं बसून राहतो. मी ऑफिसात हसत सांगते सगळ्यांना, थंडीनं आळशी झाला म्हणून. मान कलते त्याची बसल्या बसल्या. मी बघते आणि उशी लावते.

अनसूया : सगळं आपल्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

शीला : मी रिक्षा बोलावते.

अनसूया : आज रविवार आहे.

शीला : मोठ्या दवाखान्यात रविवार नसतो.

अनसूया : सुयश उद्या सकाळी पुण्याहून येतोय. त्याला येऊ दे. एका रात्रीनं काय होणार आहे?

शीला : काय होणार ते तुम्हाला माहिताय का?

अनसूया : नाही.

शीला : मग कशाला थांबायचं?

अनसूया : खरं सांगू? मला जायचंच नाहीये. तिथे गेलं की कुणीतरी काहीतरी नाव सांगणार. आपण ते घेऊन घरी यायचं आणि मग रोज त्याच्याकडे बघताना ते नाव आठवायचं. आजचा दिवस तरी तो नुसता झोपलेला असू दे गं. पाया पडते तुझ्या.

शीला : आजवर मी तुम्हाला उलटून बोलले नाय, आई. टोपी घट्ट झाली, तरी तोंडातून ब्र काढला नाय. त्या गप बसण्यानं काय केलं ते बघितलं ना आत्ता. तुम्ही भ्यालात, मीबी भ्यालेय. पण आपण भ्यालो म्हणून त्याचं डोकं थांबणार नाय वाढायचं. उठा. नायतर बसा, मी एकटी जाते.

अनसूया : माझी शाल कुठे आहे?

शीला : दाराच्या मागं.

अनसूया : तू उचल त्याला. एक हात मानेखाली धर, नीट धर. गॅस मी बंद करते. आणि स्वेटर राहू दे अंगात, बाहेर वारा आहे. टोपी नको.

शीला : नको. माझ्या पदरात घेते डोकं.

•

अनसूया : भैया, जरा आहिस्ता. लेकरू आहे मांडीवर. तो खड्डा चुकवा.

शीला : जागा झालाय.

अनसूया : हसतोय का?

शीला : नाय. खालीच बघतोय. आई, डोळे बघा त्याचे. बुबुळं अशी खाली खाली जातात.

अनसूया : लाजला की तसं करतो तो.

शीला : आपण म्हणायचो तसं. इथं रिक्षात कोणाला लाजतोय?

अनसूया : भैया, थोडं लवकर घ्या बरं. आहिस्ता, पण लवकर.

शीला : सुयशचा फोन लागला मघाशी, तुम्ही कुलूप लावत व्हता तेव्हा. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, घाबरू नका, आमच्या घरात सगळ्यांची डोकी मोठीच असतात. बाबांचं कपाळ आठव, म्हणाला.

अनसूया : मीच घातलंय ते त्याच्या डोक्यात. ह्यांचं कपाळ भव्य होतं, पोर आजोबांवर गेलं, असं बारशाच्या दिवसापासून म्हणतेय मी. बघेल त्याला सांगायचे.

शीला : ऐकलंय मी.

अनसूया : आता कशाला झाकू? त्या कपाळाकडे बघून मला आनंद व्हायचा. वाटायचं, रंग कुणाचा का असेना, नाक कुणाचं का असेना, डोकं आमच्या घरचं घेतलं. जितकं मोठं दिसेल तितकं मला बरं वाटायचं. म्हणून मी नीट बघितलंच नाही बहुतेक.

शीला : मला कळायचं ते.

अनसूया : आणि तरी तू गप्प बसायचीस?

शीला : तुमचा जीव त्याच्यावर बसत व्हता. कशावरून का बसंना, म्हटलं बसतोय तर बसू द्या.

अनसूया : दे त्याला माझ्याकडे थोडा वेळ. हात भरून आला असेल तुझा.

शीला : भरला नाय. भीती वाटती, हातातून सुटंल म्हणून.

अनसूया : मग मी खालून हात लावते. तू वरून धर.

•

(दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलांच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर.)

डॉक्टर : तुम्ही आई आणि तुम्ही आजी. वडील?

शीला : आलेत. रक्ताची सोय बघायला गेलेत. आम्हाला सांगा, डॉक्टर. आम्ही दोघी ऐकतो.

डॉक्टर : कालच्या आणि आजच्या तपासण्या बघितल्या मी. डोक्यात पाणी साठलंय. तसं पाणी तुमच्या माझ्याही डोक्यात असतं. ते रोज तयार होतं आणि रोज उतरून जातं. ह्याची उतरायची वाट अडलीय. तयार व्हायचं काही थांबत नाही, मग ते जागा करतं. लहान मुलांची कवटीची हाडं जुळलेली नसतात, म्हणून डोकं पसरत जातं.

अनसूया : काल तुम्ही टेप लावलीत त्याला.

डॉक्टर : हो. तुम्ही तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या होतात.

अनसूया : आकडा सांगू नका मला.

डॉक्टर : नाही सांगत. ह्या वयाला असायला हवं त्याहून बरंच जास्त भरलं, एवढं लक्षात ठेवा.

शीला : माझ्यानं झालं का? घट्ट टोपी घालून? नायतर ताणून?

डॉक्टर : टोपीनं काही झालेलं नाही. घट्ट घालून नाही आणि ताणूनही नाही. ते मनातून काढून टाका.

शीला : पण आम्हाला कळायला उशीर झाला.

डॉक्टर : उशीर झालाय. नाही म्हणून खोटं कशाला बोलू? नवव्या महिन्याच्या लसीनंतर कुणाला दाखवलं होतं का?

शीला : नाय. पुढची लस सोळाव्या महिन्याला, असं सांगितलं व्हतं. मध्ये आजारी असा पडलाच नाय.

डॉक्टर : हं. डोळे तपासले आम्ही. आत सूज आहे, पण नजर आहे. आणखी दोन महिने गेले असते तर मी हे म्हणू शकलो नसतो.

अनसूया : बुद्धीचं काय? आम्हाला ओळखेल ना तो पुढे?

डॉक्टर : आत्ता ओळखतो की तुम्हाला. मी जवळ गेलो की रडतो, तुम्ही गेलात की थांबतो. त्यात काही कमी होईल असं मला वाटत नाही.

शीला : आणि चालंल का?

डॉक्टर : चालायला हवा. जरा उशिरा चालेल, पण चालायला हवा. खात्री मागू नका, ती माझ्याकडे नाही. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन त्याचंच घेतोय. एक बारीक नळी बसवायची. डोक्यातून कानामागे, तिथून कातडीखालून पोटापर्यंत. पाणी पोटात उतरेल आणि तिथं जिरेल.

अनसूया : ती नळी किती दिवस ठेवायची?

डॉक्टर : कायमची.

अनसूया : एवढ्याशा जिवात?

डॉक्टर : बाहेरून दिसतही नाही. उंची वाढली की एखाद्या वेळी बदलावी लागते. आणि हे बघा, डोक्याचे केस आज संध्याकाळी काढावे लागतील.

अनसूया : जावळ आहे ते त्याचं. अजून काढलेलं नाही. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतं. मला कळतंय, ह्या वेळेला असं काही म्हणू नये माणसानं, पण...

शीला : त्याचा अंगदमामा निघालाय दौलताबादहून. तासाभरात पोचंल.

अनसूया : तू बोलावलंस त्याला?

शीला : सकाळीच. नर्सबाई केसांचं बोलल्या तेव्हाच फोन केला.

डॉक्टर : मामा आले की सांगा वॉर्डात. मांडीवर बसवूनच काढायला सांगतो मी. त्यात काही अडत नाही.

अनसूया : ऑपरेशननंतर डोकं उघडं ठेवायचं का? अजून गारठा आहे. टोपी घातली तर चालेल?

डॉक्टर : टाके निघाल्यावर घाला. विणता तुम्हीच ना?

अनसूया : विणत होते.

डॉक्टर : मग नीट ऐका. ही नळी कधीतरी बंद पडू शकते. सगळ्यांची पडते असं नाही, पण पडू शकते. पडली की पाणी पुन्हा साठणार. उलट्या, झोपाळूपणा, डोळे खाली जाणं, आणि टाळू मिटेपर्यंत डोकंही पुन्हा वाढणार. दर महिन्याला मी टेप लावीन, तुम्ही भिंतीकडे बघा हवं तर. पण मधल्या दिवसांत मी नसतो, तुम्ही असता. नळी नीट चालली तर डोक्याची वाढ आता हळू होईल आणि अंग त्याला गाठेल. म्हणजे टोपी लवकर लहान व्हायला नको.

अनसूया : मी वाढत्या अंगाचीच विणते नेहमी. थोडी जास्त धरून.

डॉक्टर : तशी नको. बरोबर मापाची विणा, अगदी आज बसेल एवढी. आणि ती घट्ट झाली तर दुसरी विणायची नाही. त्याच दिवशी पोराला घेऊन इकडं यायचं. रविवार असला तरी.

शीला : येऊ.

डॉक्टर : मला आत जायचंय. वडील आले की त्यांना पाठवा, आणि तुम्ही दोघी दोन घास खाऊन घ्या.

अनसूया : ऐकलंस?

शीला : ऐकलं.

अनसूया : माझ्यानं विणवणार नाही आता, शीला. बाजारातून आण तू एक टोपी. शहागंजात ढिगानं मिळतात, रंगसुद्धा चांगले असतात.

शीला : बाजारच्या टोपीत इलॅस्टिक असतं. डोकं वाढलं तरी ती आपली पसरत जाती. घट्ट झाल्याचं कळायचं नाय. तुम्हीच विणा.

अनसूया : आणि मग रोज त्या टोपीकडे बघत बसायचं? कान दिसतोय का, वळ उठलाय का. असं किती दिवस जगायचं?

शीला : मला माहीत नाय.

अनसूया : उद्याचं काही बोलतच नाहीये आपण. उद्या सकाळी त्याला आत नेतील.

शीला : नका बोलू. पुढच्या टोपीचं बोला. त्यानं जरा धीर येतो.

अनसूया : बरं. टोपीचं. मी विणीन. पण घालणार तू. कामावर जायच्या आधी सकाळी तूच घालतेस ना? मग पहिल्यांदा तुला कळणार.

शीला : व्हय.

अनसूया : तेव्हा सांगशील का मला? की पुन्हा माझं मन राखशील?

शीला : नाय राखणार. घट्ट वाटली की तोंडावर सांगंन.

अनसूया : आणि नाही वाटली, तर?

शीला : तर काय सांगायचं?

अनसूया : तर तेही सांग. नीट बसली आई, एवढंच म्हण. कामाला जाता जाता दारातून म्हण. मला दिवस काढायचा असतो घरात.

शीला : म्हणंन. पण एक सांगून ठेवते, आई. मी भ्याले की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाय. लहानपणापासून तसंच हाय. सखूआईलाबी नाय सांगायची मी काही. ताप अंगावर काढायची.

अनसूया : मग अशा वेळी मी काय करायचं?

शीला : विचारा. रोज विचारा.